चाळीस मीटरवर

पौडच्या बाजारात समरीन मुलाणीचा फोटो स्टुडिओ आहे. वर्षभरापूर्वी तिने ड्रोन उडवायचा परवाना काढला. तेव्हापासून महाळुंग्यातल्या एका बांधकामाचं दर महिन्याचं चित्रीकरण ती करते.

त्या मंगळवारी साइट इंजिनिअर प्रदीप म्हणाला, "मॅडम, मागची बागही घ्या. साहेबांनी सांगितलंय."

बाग तीस मजली इमारतीच्या मागे. तिथे जायचं तर चिखल तुडवावा लागला असता, म्हणून समरीन पुढच्या फाटकाशीच उभी राहिली. तिने ड्रोन तीस मीटरवर नेऊन इमारतीला वळसा घातला. तो कोपऱ्याआड गेला आणि रिमोटवरचं चित्र थिजलं.

संपर्क तुटला की ड्रोन ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो आणि जिथून उडाला तिथे सरळ रेषेत परततो. ती उंची तिने रविवारी एका शेतावर चाळीस मीटर ठेवली होती. आज बदलायची राहून गेली. मधे नव्वद मीटरची इमारत, आणि तिच्या जुन्या ड्रोनला वाटेतला अडथळा ओळखता येत नव्हता. थिजलेल्या चित्रात मागच्या भिंतीला दोरांनी टांगलेल्या झुल्यावर दोन रंगारी दिसत होते.

ती चिखलातून धावली. कोपरा ओलांडताच संपर्क परत आला. तिने बटण दाबून ड्रोन थांबवला. चौदाव्या मजल्याशी टांगलेला झुला त्याच्यापासून दोन हातांवर होता.

ड्रोन उतरवल्यावर प्रदीप म्हणाला, "लागलं नाही ना कुणाला? मग राहू द्या."

"नाही, त्यांना सांगायला हवं."

झुला खाली येईपर्यंत ती थांबली. रंगाऱ्यांतला राजू तिच्याच मुळशी तालुक्यातला. तिने चूक सांगितली, माफी मागितली.

"मला वाटलं घार आली," राजू म्हणाला. "ब्रशनं हाणनार हुतो."

"पाती फिरत होती. बोटं गेली असती."

"तुमी कुटं हुत्या?"

"पुढं, फाटकाशी."

"तितनं आमी दिसनारच न्हाई की."

तो रागावून बोलला नव्हता. समरीनने मात्र ड्रोन पेटीत भरून टाकला. त्या दिवशी तिने ड्रोन पुन्हा उडवला नाही. प्रदीप कुरकुरला.

दुसऱ्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीत आली. झुला खाली होता. तिने परतीची उंची एकशेदहा मीटर केली आणि बागेतच उभी राहून सात मिनिटांत काम उरकलं.

राजू डबा घेऊन तिच्या शेजारी आला. आपण रंगवलेली भिंत त्याने एवढ्या लांबून कधी पाहिली नव्हती.

"चौदाव्या मजल्याला पट्टा रंगवायचा ऱ्हायलाय," तो म्हणाला.