मनोऱ्यामागचे पदक

धर्ममातेने कोमट पाण्यातून फडका पिळून काढला आणि संत बार्बराच्या गालावरची धूळ टिपली. मग कपाळ, मग हातातला तीन खिडक्यांचा मनोरा, आणि सर्वांत शेवटी उजवे पाऊल. पावलाला खरे तर फडक्याची गरज नव्हती. बोगद्यात शिरणारा प्रत्येक जण त्याला हात लावूनच पुढे जाई. अंगठ्यावरचा रंग केव्हाच उडाला होता आणि खालचे लाकूड काचेसारखे गुळगुळीत झाले होते.

बोगद्याच्या तोंडाशी, कमानीजवळच्या कोनाड्यात ही मूर्ती बसल्याशिवाय सुरुंगाची पहिली वात पेटत नसे. बसवायची तीही एका बाईच्याच हातून, आणि काम चालू असेतोवर ती बाई बोगद्याची धर्ममाता. दर आठवड्याला मूर्ती पुसायची ती तिने, आणि डोंगर आरपार झाला की उतरवायची तीही तिनेच. कोनाडा रिकामा असताना आत पाऊल टाकणारा कामगार अजून जन्माला यायचा होता. हिच्या आधी हा मान हिच्या सासूकडे होता. मान घेताना ही बाई संकोचली नव्हती आणि तो राखताना कुणाची भीडही तिने कधी धरली नव्हती.

मनोऱ्यामागे फडका अडकला. तिने नखाने उचकटून पाहिले. मेणाचा गोळा, आणि त्यात चिखलाने माखलेले एक पदक. अंगठ्याने थोडे घासताच दाढीवाला चेहरा आणि हातातली लिलीची काडी दिसू लागली.

संत योसेफ.

"दिवेवाल्या," तिने हाक मारली.

शेजारच्या खोपटात खुंट्यांवर दिवे टांगणारा माणूस बाहेर आला. "बोला, माई."

"हे इथे कुणी चिकटवलं?"

त्याने पाहिले आणि नजर वळवली. "असेल कुणाची श्रद्धा. संतांना काय तोटा आहे? किल्ली हरवली की अंतोनी, घसा धरला की ब्लेझ, दाढ ठणकली की अपोलोनिया. आमच्या घरात तर बायकोला दर दुखण्याला नवा संत लागतो. जुना चालवून घेते तो मी एकटाच."

"चेष्टा पुरे. योसेफ कशाचा?"

"सुतारांचा."

"आणि?"

"बापांचा."

"आणि?"

दिवेवाला हातातली काच पुसू लागला. ती स्वच्छच होती.

"मग मीच सांगते," ती म्हणाली. "अवचित मरणापासून वाचव, असं बार्बराला सांगायचं असतं. योसेफाला सांगायचं, मरण येणारच आहे तर नीट येऊ दे. हिच्या पाठीमागे याला कुणी आणून बसवलं? हिच्यावरचा भरवसा उडाला की काय तुमचा?"

"माई, मी दिवे मोजून देतो, मोजून घेतो. दिवा आला म्हणजे माणूस आला. आतलं मला काय कळणार?" एवढे बोलून तो पुन्हा खुंट्यांकडे वळला.

नवी पाळी कमानीपाशी जमू लागली होती. सर्वांत पुढे भोंगा. मूळ नाव त्याच्या आईलाच आठवत असेल. दोन खोऱ्यांपलीकडे ऐकू जाणाऱ्या आवाजामुळे हे चिकटलेले. 'संतिणीला अंघोळ झाली, आता आमचा नंबर कधी?' हा त्याचा ठरलेला विनोद, आणि त्यावर तिचे ठरलेले डोळे वटारणे. आज त्याने मूर्तीच्या पावलाला हात लावला, कपाळाला नेला, आणि पुन्हा लावला. तोंडातून शब्द निघाला नाही.

तिने पदक मुठीत मिटले.

तेवढ्यात आधीची पाळी बाहेर आली. पाठोपाठ मुकादम आला. तो तिचा मुलगा. मांडीपर्यंत लाल चिखलाने भरलेला.

"आत काय आहे?" तिने विचारले.

"दगड आहे, आई. डोंगरात दुसरं काय असणार?"

"दगड असा पायांना चिकटतो होय?"

"पाणी झिरपतंय थोडं. सगळ्याच बोगद्यांत झिरपतं."

"मला शिकवू नकोस. थांबव काम."

त्याने चढावरच्या कचेरीच्या खिडकीकडे पाहिले. हातात कप घेऊन अभियंता तिथे उभा होता. मुलगा आवाज खाली आणून म्हणाला, "पलीकडच्या तोंडाच्या मुकादमानं तेच सांगितलं. त्याला त्याच दिवशी घरी बसवलं आणि दुसरा आणला. मी गेलो तरी ही माणसं आत जाणारच. निदान मी बरोबर तरी असेन." मग एकदम मोठ्याने, "तुझं पुसणं आटप आता! पाळी खोळंबलीय!"

मुठीतले पदक ती अंगठ्याने चोळत होती. मेण निघाले, आणि बोटाला तुटक्या कडीभोवती पिळलेली तांब्याची तार लागली. ती तार तिनेच पिळली होती.

नवऱ्याची छाती दगडाच्या धुळीने भरली होती. पण तो अंथरुणात गेला, तिच्या मांडीवर डोके ठेवून, आणि हे पदक त्याच्या मुठीत होते. मूठ सोडवून ते तिने मुलाला दिले होते. 'तुझ्या शेवटच्या दिवसाला लागेल. कुणाला देऊ नकोस.' तेव्हापासून ते त्याच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात असे.

तिने पाहिले. खिशाची गुंडी उघडी होती आणि खिसा सपाट होता.

मूर्ती कोण पुसते आणि कोणत्या वारी पुसते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते.

तिने खांद्यावरची शाल काढली, मूर्तीभोवती लपेटली आणि मूर्ती कोनाड्यातून उतरवली.

"आई! हे काय मांडलंयस?" मुकादम गरजला. "डोंगर अजून आरपार झाला नाही! साहेब बघताहेत!" आवाज थेट खिडकीपर्यंत पोहोचेल असा होता. पण त्याचा हात तिच्या कोपराखाली आला, डबक्यावरच्या फळीवरून त्याने तिला सांभाळून पलीकडे नेले, आणि कानाशी म्हणाला, "हळू."

"साहेबांना सांग, म्हातारीला वेड लागलं," ती म्हणाली.

रिकाम्या कोनाड्याकडे सगळे बघत राहिले. मग भोंग्याने कपाळावरचा दिवा विझवून दिवेवाल्याच्या हातात दिला. एकेक करून बाकीचेही वळले. कुणीतरी आत हवा ढकलणारे यंत्र बंद केले. खिडकीत आता कोणी नव्हते. चढावरून घाईची पावले खाली येत होती.

यंत्र थांबल्यावर आतले ऐकू आले. पाणी ठिबकण्याचा आवाज नव्हता तो. वरच्या मजल्यावर कुणी जड पलंग ओढावा, तसे काहीतरी अंधारात लांबवर सरकत होते.

मूर्ती एका हाताने छातीशी धरून तिने मूठ उघडली, पदक मुलाच्या खिशात टाकले आणि गुंडी लावली.

"आज नाही लागायचं," ती म्हणाली.

तो हसला. कितीतरी दिवसांनी.

त्यांच्या पाठीमागे दिवेवाला खुंट्यांवरून बोट फिरवत दिवे मोजत होता. शेवटच्या, रिकाम्या खुंटीशी तो थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला, या वेळी मोठ्याने.

मुकादमाचा हात खिशाच्या गुंडीकडे गेला.