माहेरचा रकाना

"उमेंद्रभाऊ, टेबल हलवू नका," दुर्गेश्वरी म्हणाली आणि स्वतःचेही दोन्ही हात तिनं मांडीवर ओढून घेतले. प्रोग्राम सुरू झाला होता. पडद्यावर एकेक ओळ उतरत होती.

"म्या कायले हलवू? माहे पायच कापून राहिले," उमेंद्र म्हणाला. चिचगडकडच्या गावांतून फिरून नोंदी आणणारा हा माणूस. आज तो कोहमाऱ्याच्या धाब्यावर चहालाही न थांबता मोटरसायकल हाणत गोंदियाला आला होता. त्यानं आणलेल्या नोंदींचं आज खरं-खोटं व्हायचं होतं.

काम सिकलसेलच्या अभ्यासाचं. तो आजार रक्तात असलेल्या गरोदर बायांना दर महिन्याला तपासायचं, गोळ्या द्यायच्या, बाळंतपणापर्यंत पाठ सोडायची नाही. पण मागच्या आकड्यांत चिचगडकडच्या निम्म्याहून जास्त बाया मध्येच 'सोडून गेली' अशा दिसल्या. यंदाही तसंच दिसलं तर तिकडचं काम बंद, असं नागपूरच्या समितीनं कळवलं होतं. काम बंद म्हणजे त्या जंगलातल्या दारांवर येणारी नर्स बंद. आकडे आज संध्याकाळपर्यंत पाठवायचे होते.

ते आकडे ज्या प्रोग्राममधून निघाले, तो दुर्गेश्वरीचाच. तिचे वडील हिरालाल अर्जुनी मोरगावच्या राइस मिलमध्ये मिस्त्री होते, आणि आपलं काम तिनं त्यांना मिलच्याच भाषेत समजावलं होतं. एका तोंडानं धान ओतायचा, खडा वेगळा, कोंडा वेगळा, कणी वेगळी, शेवटी निवडलेला दाणा पोत्यात. नोंदींचंही तसंच, पायरीमागून पायरी. वडील म्हणाले होते, बाई, कोंड्यात दाना जाऊन राहिला का, थे पाहत जाजो. तेव्हा ती हसली होती.

मग गेल्या रविवारी ती घरी गेली, तर धाकटी बहीण मंजू आलेली. सातवा महिना, पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. गावातली नर्स ओसरीवर बसून नाव विचारत होती, आणि आई वडिलांचं नाव लावून सांगत होती, मंजू हिरालाल. सासरी तिचं नाव दुसरंच लागलेलं. नर्सनं पुढं विचारलं, बाळाचा निरोप कुणाला द्यायचा? आईनं जावयाचा मोबाइल नंबर सांगितला.

दुर्गेश्वरीच्या हातातला पोह्यांचा घास हातातच राहिला. आपल्या प्रोग्रामात मंजूचं काय झालं असतं, ते तिला लख्ख दिसलं. सासरच्या गावातली मंजू सातव्या महिन्यात 'सोडून गेली'. माहेरच्या गावात उगवलेली मंजू 'पहिल्या तपासण्या नाहीत' म्हणून बाद. एक जिती-जागती पोर, दोन्हीकडून कोंड्यात. आणि दोन्हीकडे सारखाच असलेला, दोघींना जोडणारा तो निरोपाचा नंबर बिनकामाचा रकाना म्हणून तिनंच पहिल्या पायरीला उडवून टाकला होता.

कुणाचा नंबर कुणाला दिसू नये म्हणून तिनं नंबरांच्या गुपित खुणा केल्या आणि तो रकाना परत आणला. सकाळच्या फेरीत एकही जोडी जुळली नाही. उमेंद्रचं तोंड एवढंसं झालं. मग तिला दिसलं की चिचगडकडच्या नोंदींत नंबराआधी शून्य लावलंय, बाकी कुठंच नाही. तिनं ती शून्यं काढून खुणा पुन्हा केल्या, आणि आता ही दुसरी फेरी.

आणि बाया येऊ लागल्या. चिचगडची आली, तिचं माहेर गोरेगावकडे. देवरीची आली, ती सालेकशात सापडली. एक आली, तिच्यामागं दुसरी, जशा नाल्याकाठच्या पायवाटेनं लाकडाच्या मोळ्या घेऊन बाया रांगेनं उतराव्यात तशा. पडद्यावर नावं नव्हती, नुसते नोंदीचे क्रमांक होते, पण ते उमेंद्रनंच घातलेले, त्यांवरून तो ओळखत होता. ही शामकला. ही कुणाची सून, हिच्या अंगणात कुत्रं चावतं. त्याचा आवाज चढत गेला. "कोनी सोडून नाई गेली, मॅडम! साऱ्या आपापल्या मायजवळ बसून राहिल्या अन् आपन त्याईले पळपुट्या म्हनून राहिलो!"

गलका ऐकून अभ्यासाचे प्रमुख डॉक्टर शालीकराम आत आले. आलेखात दर बाईची एक रेष होती. तुटक्या रेषा एकमेकींना जोडून काठापर्यंत, म्हणजे बाळंतपणापर्यंत, पोचलेल्या त्यांनी पाहिल्या आणि चष्मा काढून पुन्हा पाहिल्या. समितीची अट सहज पूर्ण झाली होती. त्यांनी कँटीनमध्ये फोन करून चहा मागवला, वर सामोसेही.

एक रेष मात्र मध्येच तुटलेली राहिली.

"हे जमुना," उमेंद्र म्हणाला. "तिचं माहेर छत्तीसगडात. थिकडंच असन." तिकडची नोंद इकडे येण्याची सोयच नव्हती. त्यानं आपल्या वहीतून निरोपाचा नंबर लावला. फोन जमुनाच्या नवऱ्यानं, झाडूनं, उचलला. उमेंद्र उठून खिडकीशी गेला. बराच वेळ नुसता हं-हं करत राहिला.

परतला तेव्हा तो कुणाकडे पाहत नव्हता. आठव्या महिन्यात छाती भरून आली, म्हणाला. दवाखान्यात नेईस्तोवर गेली. लेकरूही गेलं. "उरलेल्या गोळ्या वापस आनल्या म्हने त्यानं. कोनाले देऊ म्हून इचारून राहिला."

चहा आला. कुणी हात लावला नाही.

मृत्यू लिहिला तर समिती चौकशी लावेल, काम अडकूही शकेल, हे तिघांनाही ठाऊक होतं. डॉक्टरांनी हळूच म्हटलं, "उद्या कळलं असतं, तर उद्या लिहिलं असतं."

दुर्गेश्वरीनंही क्षणभर तोच विचार केला होता. "आज कळलं ना, सर," ती म्हणाली. "ती सोडून गेली असं कसं लिहू? तिनं शेवटपर्यंत गोळ्या घेतल्या."

डॉक्टरांनी मान हलवली आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. चौकशी आली तर मी जाईन, म्हणाले.

तयार तक्त्यावर हातानं खाडाखोड करायची नाही, हा तिचा नियम. उमेंद्रनं मूळ नोंद दुरुस्त केली, आणि तिनं सगळं पुन्हा पहिल्या पायरीपासून सोडलं. पुन्हा सगळ्या बाया त्याच वाटेनं आल्या.

आलेखावर जमुनाची रेष जिथं थांबली, तिथं एक बारीक ठिपका उमटला. कागदावर छापल्यावर तो दिसणार नाही, असं तिला वाटलं. तिनं तो थोडा ठळक केला, आणि मग आकडे पाठवले.