हळदीची दहा बोटं

शनिवारचा पांढराशुभ्र गणवेश शुक्रवारी संध्याकाळीच अंगात घालायचा शहाणपणा आरोहीनं केला आणि तिथंच माती खाल्ली. घरी रविराजकाकाची हळद होती. दुसऱ्या दिवशी शाळेत तालुक्याच्या स्पर्धेसाठी लेझीम पथकाची निवड होती, म्हणून तिला आधी काकाला खेळून दाखवायचं होतं. काकानं पाहिलं, "वाघीण हाय आमची!" म्हणत तिला मिठीच मारली. सोडलं तेव्हा पाठीवर दहा पिवळी बोटं उमटली होती.

शाळेतल्या बोत्रे सरांचा नियम साऱ्या महाळुंगे गावाला पाठ होता. शनिवारी पांढऱ्यावर डाग दिसला, की पोर रांगेबाहेर. सेफ्टी शूज नसले तर कंपनीच्या गेटवर अडवतात, तसंच हे.

आईनं, म्हणजे पूनमनं, पहाटे उठून कपड्याच्या साबणानं पाठ घासघास घासली. पिवळी बोटं चांगली लालभडक झाली! दुसरा पांढरा जोड घरात नव्हता. आरोहीनं भोकाड पसरलं.

"रडती कशापायी?" रतनबाई आजी म्हणाली. "हळद साबणाला भीत न्हाई, उन्हाला भीती. वलाच घाल. शाळंत पाठ उन्हाला दे आन् सावलीला जाऊ नगं."

शाळेत सरांनी तिला रांगेतच थांबवलं. "हे काय गं? कुणी मारलं की काय?"

"नाही सर. काकाची हळद होती."

पोरं खो खो हसली. सरांनाही हसू आलं, पण नियम तो नियम. "रांगेबाहेर हो. कडुलिंबाखाली जाऊन बस."

"आणि निवडीपर्यंत डाग गेला तर?"

"गेला तर घेईन." असला डाग साडेदहापर्यंत जातोय कुठं, अशी सरांची खात्री होती.

आरोही कडुलिंबाकडे फिरकलीसुद्धा नाही. मैदानाच्या कडेला सूर्याकडे पाठ करून उभी राहिली. सरांना वाटलं, पोरगी रुसली. "अगं, भोवळ येईल, सावलीत जा!" म्हणून त्यांनी दोनदा पाण्याची बाटली पाठवली. ती पाणी प्यायली, पण तिनं जागा सोडली नाही. हलगी सुरू झाली तशी तिची पावलं जागच्या जागी पडू लागली. वर्गातल्या सायलीला तिनंच शिकवलेला लेझमीचा हात सायली आता पथकाच्या पुढं उभी राहून करत होती. ते बघून आरोहीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

साडेदहाला सरांनी तिला वळवलं. पाठ स्वच्छ! "आयला!" सरांच्या तोंडून निघून गेलं. त्यांनी निरखून पाहिलं आणि मग डावी वेणी उचलली. वेणीखाली एक लाल बोट जसंच्या तसं होतं.

आरोही मान वळवून म्हणाली, "तिथं ऊन पोचलं नाही, सर. वेण्या पाठीवरच हव्यात, हा तुमचाच नियम आहे."

सरांनी पुन्हा त्या बोटाकडे पाहिलं. मग त्यांनी वेणी जपून होती तिथं ठेवली. "लेझीम घे. पुढं उभी राहा. आणि वेणी हलवू नकोस."

लेझीम खेळताना वेणी हलणार नाही, असं कुठं होतं का? पहिल्याच उडीला ते बोट साऱ्या शाळेनं पाहिलं. बोत्रे सर तेवढा वेळ कंपन्यांच्या धुराड्यांकडे बघत होते.