‘नाही’पुढची खूण

“सिस्टर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?” माझ्याच हाताखाली शिकलेली नर्स मला म्हणाली.

आत खाटेवर माझी भावजय बसली होती. मांडीवर चार वर्षांची भाची, हात मोडलेला. अंगावर माझ्या नर्सचे कपडे असले, तरी आज मी तिच्या नवऱ्याकडची होते. आणि नवऱ्याकडच्या माणसांसमोर बाईला काही विचारायचं नाही, हे या पोरींच्या डोक्यात मीच भरवलंय. बावीस वर्षं मी नवऱ्यांना, सासवांना गोड बोलून बाहेर काढलं. कुणाला कागदावर शिक्का आणायला पिटाळायचं, कुणाला औषधाच्या रांगेत उभं करायचं. मग दार लावून बाईला विचारायचं, घरी कुणी मारतं का.

गेल्या महिन्यात भावजय ओठ फुटून आली, तेव्हा ड्यूटी माझी होती. भाऊ शेजारीच उभा होता. “आल्या आमच्या फौजदारीणबाई,” म्हणाला, आणि मी हसले. त्याला बाहेर काढायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. अहो, कडेवर घेऊन वाढवलेला भाऊ! फॉर्मवरच्या ‘घरात मारहाण होते का?’ या प्रश्नापुढे मी आपली ‘नाही’वर खूण केली आणि सही ठोकली. भावजय माझ्याकडे बघत होती. असं बघणं मी हजार बायकांच्या डोळ्यांत ओळखलंय. तिचंही ओळखलं होतं. सांगायला लाज वाटते, पण ओळखलं होतं.

बाहेरच्या बाकावर भाऊ बसला होता. पोरगी जिन्यावरून पडली, बायको उगाच काहीबाही बरळेल, असं तो मला समजावत होता. मग जवळ सरकून म्हणाला, “मला काय भीती? महिन्यापूर्वी तूच लिहून दिलंयस. तुझ्या सहीपुढे तिचं कोण ऐकणार?”

माझ्यावर विसंबून त्याने पोरीवर हात उचलला होता.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई तो जुना फॉर्म घेऊन बाहेर आल्या. त्यांनी अदबीने विचारलं, त्या दिवशी बाई स्वतः नाही म्हणाल्या होत्या का. भावाने माझं मनगट धरलं.

“मी विचारलंच नाही,” मी म्हणाले. “हा समोर उभा होता. आणि मला ऐकायचं नव्हतं.”

भाऊ काय काय बोलला ते सांगत नाही. मेलेल्या आईलाही त्याने सोडलं नाही. मी कागद भिंतीला टेकवला आणि माझी चूक तारखेसकट लिहून दिली. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

दुपारी महिला निवाऱ्याची गाडी आली. एका हातात पिशवी, कडेवर पोर, अशी भावजय जिना उतरत होती. मी पिशवी घ्यायला पुढे झाले.

“राहू द्या, वन्सं,” ती म्हणाली. रागावून नाही, परक्या माणसाला म्हणावं तसं.

पोरीने आईच्या खांद्यावरून मला टाटा केला. माझा हात काही वर होईना.