बायाक्काच्या हातातला धोटा

मी धोटा बोलतोय. शहापुरातल्या एका खोलीच्या कोनाड्यात पडून बोलतोय, म्हणून आवाज जरा बसलेला वाटेल. मागावर उभे धागे ताणलेले असतात. त्यांच्या मधून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो, तो मी. दोन्ही टोकांना निमुळता, पोटात सुताची कांडी. उजव्या हाताने फेकायचं, डाव्याने झेलायचं, मग उलट. जन्म सगळा दोन हातांमध्ये गेला, पण कुठल्याच हातात मुक्काम झाला नाही.

भरमा सुताराने मला शिसवीच्या तुकड्यातून घडवलं. घासताना माझ्यावरून पुन्हापुन्हा बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "धाग्याला कुठं आडखळाय नगो." मग यल्लाप्पा विणकराने मला घरी आणलं. त्याचा हात हलका होता. तो फेकायचा तेव्हा मला आपण लाकडाचे आहोत याचा विसर पडायचा.

त्याच्या पाठीमागे, भिंतीला टेकून, त्याची थोरली बहीण बायाक्का रहाटावर कांड्या भरत बसायची. तिला वडगावला दिलं होतं. मानमोडीच्या साथीत नवरा गेला, तेव्हा ती न्हाती-धुती पोर होती. सासूने पाठवणी करताना दारातच म्हटलं होतं, "हिच्या हातात काय टिकत न्हाय." म्हातारी पुढे वारलीसुद्धा, पण तिचं ते वाक्य बायाक्काबरोबर माहेरी आलं आणि इथेच राहिलं. दूध नासलं की वाक्य हजर. मडकं फुटलं की हजर. घरात भाऊ, भावजय, लेकरं होती, तरी बायाक्काचं खरं बोलणं त्या एका वाक्याशीच चालायचं. यल्लाप्पा कितीदा म्हणाला, "आक्का, मागावर बस, शिकवतो." ती मान हलवायची. "नगं रं. माझ्या हातानं नास हुईल."

मग एका उन्हाळ्यात यल्लाप्पाच तापाने गेला. माग बंद पडला. ताण्यावरचं लुगडं अर्धंच विणलेलं होतं आणि माझ्या पोटात त्याच्याच हातची कांडी होती. तिच्यावर धूळ बसत गेली. मला फार एकटं वाटलं, हे कबूल करायला मी लाजत नाही.

महिना सरल्यावर मनुबाई, म्हणजे यल्लाप्पाची बायको, नणंदेला म्हणाली, "वन्सं, मला काय विणाय येत न्हाय. दसऱ्यापतोर हे लुगडं तुमच्या हातनं उतरलं तर माग ऱ्हाईल. न्हायतर मोडायचा. मी लेकरं घिऊन निपाणीला भावाकडं जाते."

"आनि मी?" बायाक्काने विचारलं.

मनुबाई चुलीत फुंकर घालत राहिली. तिच्या भावाकडे बायाक्काला जागा नव्हती, हे तिघांनाही कळत होतं. तिसरा मी.

बायाक्का दुसऱ्या दिवशी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. मला हातात घेतलं आणि असं घट्ट धरलं की जणू मी पळून जाणार होतो. फेकायची ती जेमतेम, आणि पलीकडे झेलताना गच्च पकडायची. गच्च पकडलं की हिसका बसतो, आणि हिसका बसला की धागा तुटतो. आमच्या धंद्यातलं पोरसोरही हे जाणतं. पण तिला वाटायचं, सासूचं खरं झालं. मग आणखी घट्ट धरायची, आणि धागा आणखी तुटायचा.

त्या वाक्याला हाकलायला तिने काय नाही केलं! यल्लम्माचं नाव मोठमोठ्याने घेतलं. मंगळवार धरले. "गप, गप," म्हणून स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. ते वाक्य हट्टी पाहुण्यासारखं आणखी ऐसपैस बसलं. दसरा जवळ येत होता, आणि लुगडं वीतभरही पुढे सरकत नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटे, अगं बाई, मला सोड जरा! पण धोट्याचं कोण ऐकतो?

शेवटी तिच्या हातांनीच संप केला. पकडून पकडून तळव्यांना फोड आले, बोटं मिटेनात. तरी ती बसली. उघड्या पंजाने मला ढकललं, उघड्याच पंजावर घेतलं. मी सरसर गेलो, सरसर आलो. धागा शाबूत! पुन्हा गेलो, पुन्हा आलो. आणि मध्येच तिचा हात थांबला. ती कान देऊन काहीतरी ऐकत होती.

"वैनी," तिने हाक मारली, "धागा तुटला न्हाय, तरी म्हातारी बोलतीया."

"कोन म्हातारी?" मनुबाई घाबरून धावत आली.

"सासू माझी. धागा तुटला तरी तेच, न्हाय तुटला तरी तेच. तिला धाग्याचं कायबी ठावं न्हाय की गं!" आणि बायाक्का हसली. त्या घरात यल्लाप्पा गेल्यानंतरचं ते पहिलं हसू. हसता हसता ती रडायला लागली, आणि मनुबाईने तिला जवळ घेतलं.

वाक्य त्यानंतर गेलं असं समजू नका. ते रोज यायचं. फरक एवढाच झाला, की बायाक्का त्याच्याशी भांडायची नाही आणि त्याचं ऐकायचीही नाही. "आलीस व्हय? बस तिकडं. मला काम हाय," एवढं म्हणायची आणि मला सोडायची. कधी धागा खरोखर तुटायचा. मग गाठ मारायची आणि पुढे विणायची. दसऱ्याला लुगडं उतरलं. माग राहिला, आणि बायाक्काही राहिली.

पुढे खूप वर्षं आम्ही दोघं होतो. लेकरं मोठी होऊन पांगली, मनुबाई गेली. भरल्या दुपारी त्या खोलीत बायाक्का, मी आणि ती म्हातारी, एवढेच उरायचो. एकटेपणा होताच. पण तिचा हात उघडा होता, आणि मला त्या हातात यल्लाप्पाचा हलकेपणा सापडला होता.

गेल्या थंडीत तीही गेली. निजायच्या आधी तिने मला पुसून या कोनाड्यात ठेवलं होतं. आता रस्त्यावर झेंडे आहेत, मिरवणुका आहेत, देश मोकळा झाला म्हणतात. वडगावकडून विजेच्या मागांची खडखड ऐकू येते. माझ्याकडे कुणी येत नाही.

तुम्ही कधी कोनाडा झाडायला आलात, तर मला उचला, पण फार घट्ट धरू नका. एवढंच मागणं आहे.

संध्याकाळ झाली की माझ्याही मनात एक वाक्य येतं: तुझा आता काही उपयोग नाही. पहिल्यांदा आलं तेव्हा मी फार घाबरलो होतो. आता ते येतं, आणि मी बायाक्काच्या आवाजात म्हणतो, "आलंस व्हय? बस तिकडं."

मग आम्ही दोघं बसतो.