चौथा डाव

हजारांतले चौदा! गुरुदत्तने आकडा तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला. आकडा काही बदलला नाही.

'पूररेषा' हा त्याचा नवा गेम, घरात पुराचं पाणी शिरताना माणसं आणि सामान वरच्या मजल्यावर न्यायचा, महिन्याभरापूर्वी चाचणीसाठी हजार जणांच्या फोनवर गेला होता. त्यातले फक्त चौदा जण तिसरी पायरी ओलांडून गेले होते. बाकीच्यांनी गेमला नारळ दिला होता, आणि त्या बाकीच्यांच्या यादीत एक नाव नीलिमाचं होतं. सख्ख्या बायकोचं! रोज जेवताना "छान झालाय" म्हणणाऱ्या बाईने दुसऱ्याच दिवशी तो फोनवरून काढून टाकला होता.

चार वाजता पुण्याहून फोन येणार होता. गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीला आज हे आकडे हवे होते, आणि हे आकडे ऐकल्यावर ती हात झटकणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मग मोरिवलीतल्या स्टुडिओच्या या तिसऱ्या मजल्याला कुलूप आणि पंधरा माणसं घरी.

आणि हे कोणाच्या वाट्याला? गुरुदत्तच्या! दहा वर्षांपूर्वी मुंबईच्या एका कंपनीत असताना 'खारबांध' काढणाऱ्या गुरुदत्तच्या! मिठागरावर भरतीचं पाणी चढतं आणि आपण बांध फुटू द्यायचा नाही, एवढाच तो खेळ. पण लोकांनी तो डोक्यावर घेतला होता, त्यातही अकरावी पायरी. लग्नाच्या पंगतीत माणसं शेजारच्याला विचारायची, "अकरावी झाली का?" त्या एका पायरीच्या जोरावर गुरुदत्तने पुढे कॉलेजा-कॉलेजांतून भाषणं ठोकली. "खेळणाऱ्याला दया दाखवू नका. तीनदा हरू द्या. चौथ्यांदा तो स्वतःच्या हिमतीवर जिंकतो. मीसुद्धा चौथ्यांदाच जिंकलो होतो, सगळ्या कंपनीच्या डोळ्यांदेखत!" टाळ्या पडायच्या. त्या टाळ्यांचं ऐकूनच त्याने नोकरी सोडली आणि स्वतःचा स्टुडिओ थाटला. भागीदार म्हणून 'खारबांध'चा प्रोग्रामर, जुना मित्र भूपेश याला घेतलं. जागाही भूपेशच्याच इमारतीतली.

"लोक आळशी झालेत," गुरुदत्त सगळ्यांना गोळा करून म्हणाला. "थांबा, दाखवतोच. करिष्मा, वेळ लाव."

त्याने कपाटातून जुना फोन काढला. त्यात 'खारबांध' अजून होता. अकरावी पायरी सुरू झाली. करिष्मा ही टीममधली सगळ्यांत काटेकोर मुलगी. तिने आपल्या फोनवर सेकंद मोजायला घेतले. चाळीस सेकंदांत पाणी चढलं, बांध फुटला. दुसऱ्यांदा चाळीस, फुटला. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा मात्र गुरुदत्तची बोटं अशी काही चालली की बांध टिकला.

"बघितलंत?" तो ओरडला. "चौथ्यांदा!"

"सर," करिष्मा चाचरत म्हणाली, "या वेळी पाणी सत्तेचाळीस सेकंदांनी आलं."

"तू उशिरा बंद केलंस."

"नाही सर."

गुरुदत्तने सगळं पुसून पुन्हा सुरुवात केली. चाळीस. चाळीस. चाळीस. सत्तेचाळीस. पोरं एकमेकांकडे बघू लागली. फक्त भूपेश खिडकीबाहेर कारखान्यांची छपरं मोजावीत तसा बघत उभा होता. गुरुदत्त त्याला वीस वर्षं ओळखत होता. भूपेश खिडकीबाहेर बघायला लागला की काहीतरी लपवत असतो, एवढं त्याला नक्की ठाऊक होतं.

"तुम्ही लोक जरा चहा घेऊन या," भूपेश पोरांना म्हणाला. खोली रिकामी झाली.

"भूपेश, हे काय आहे?"

"मीच घातलं ते, गुरू. तीनदा हरला की पाणी सात सेकंद लेट. कोणाला पत्ता लागत नाय."

"कोणाला विचारून?"

"तुला विचारलं असतं तर तू घालू दिलं असतंस का?" भूपेश खुर्ची ओढून बसला. "माझा आजा, आईचा बा, मिठागरावर व्हता. नवीन माणूस बांधावर उभा केला की भरतीला त्याची फाटायची. मग आजा काय करायचा, गुपचूप बाजूच्या रिकाम्या वाफ्यात थोडं पाणी सोडायचा. जोर कमी व्हायचा, बांध टिकायचा. आणि आजा त्या माणसाला बोलायचा, 'तूच राखलास रे!' दुसऱ्या भरतीला तो माणूस खरंच राखायचा. मी तेच केलं, दुसरं काय?"

दहा वर्षांची भाषणं गुरुदत्तच्या डोळ्यांसमोरून गेली, आणि मग अचानक तो दिवस आठवला. लाँचचा दिवस. सगळी कंपनी भोवती, तीन वेळा हार, आणि मग चौथ्यांदा... त्या दिवशी तो आनंदाने रडला होता. एवढा अभिमान त्याला लग्नातही वाटला नव्हता.

"म्हणजे मीसुद्धा?"

भूपेशने मान खाली घातली. "तू पण."

गुरुदत्तला बसायला खुर्ची सापडेना. शेवटी तो टेबलालाच टेकला.

"मग इथे का नाही घातलंस?" त्याचा आवाज चिरकला. "इथे तर तू भागीदार आहेस!"

"इथं एक आकडा बदलायचा तरी तुझ्या मंजुरीचं बटण लागतं. पहिल्याच दिवशी तूच लावलंस ते. तिथं तुझ्या वर तीन साहेब व्हते, कोणाच्या तरी आडून करता यायचं. इथं आड कुठंय? दोन वेळा बोललो तुला, तिसरी पायरी टाइट हाय. तू काय बोललास, आठवतं?"

गुरुदत्तला आठवत होतं. सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, "खारबांध मी केलाय की तू?" आणि भूपेश हसून गप्प बसला होता. तेव्हाही तो खिडकीबाहेरच बघत होता.

चार वाजता फोन वाजला. गुरुदत्तने खरे आकडे सांगितले आणि पंधरा दिवस मागितले.

"काय बदलणार आहात?" पलीकडून विचारणा झाली.

"ते मला कोणी सांगणार नाही," गुरुदत्त म्हणाला. पलीकडचा माणूस बुचकळ्यात पडला, पण पंधरा दिवस मिळाले. फोन ठेवल्याबरोबर गुरुदत्तने मंजुरीचं बटण काढून टाकलं.

पंधरवड्याने नव्या हजार जणांचे आकडे आले. सहाशे एकतीस तिसरी पायरी ओलांडून गेले होते. करिष्माने किंचाळून पेढे मागवले. गुरुदत्त नुसताच पडद्याकडे बघत राहिला. तेवढ्यात बदलापूरहून, घरून नीलिमाचा फोन आला. तिने गेम पुन्हा घेतला होता.

"अरे, जमलं!" ती ओरडत होती. "तीनदा सगळं बुडालं. चौथ्यांदा आजी, गॅस, फ्रिज, सगळं वर नेलं! एकटीने! मला वाटलं होतं, माझ्यानं होणारच नाही!"

असा आवाज त्याने तिच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. समोर भूपेश मान खाली घालून काम करत होता, जसं काही ऐकूच आलं नाही.

"तूच वाचवलंस," गुरुदत्त कसाबसा म्हणाला.

"आणि तुझं? तुझं झालं का?"

टेबलावर चाचणीच्या दुसऱ्या फोनवर 'पूररेषा'ची तिसरी पायरी उघडी होती. सकाळपासून तो तीनदा हरला होता. चौथा डाव सुरू करायला बोट धजत नव्हतं.

"अजून नाही," तो म्हणाला.