मधला पर्याय

आता सांगते त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. माझ्या तोंडात उरलेल्या दातांची शपथ, आणि ते थोडेच उरलेत, तेव्हा ती मी उगाच घेणार नाही. मध्येच कुणी "असं कुठं असतं का" म्हणालं, तर गोष्ट तिथंच थांबेल, मग बसा हात चोळत.

तर एक होती मुंगी. चांगली हाडामांसाची बाई, पण ऑफिसात सगळे तिला मुंगीच म्हणायचे. स्वतःच्या दसपट ओझं उचलून चालायची ना, म्हणून. पार्सलं पोचवणारी मोठी कंपनी होती आणि मुंगी तिथं प्रोजेक्ट मॅनेजर. ही काय नोकरी असते? हाताखाली एकही माणूस नाही, आणि काम मात्र सगळ्यांकडून करून घ्यायचं. म्हणजे सासूचा मान नाही आणि सुनेची कामं सगळी.

मुंगी हे सगळं शिकली ती शेजारच्या टेबलावरच्या शिट्टीकडून. शिट्टीचं हे नाव पडलं कारण साहेब येताना दिसला की ती दारातून बारीक शिट्टी घालायची, आणि सगळा मजला एकदम कामाला लागलेला दिसायचा. दोघींचा अड्डा चहाच्या मशीनपाशी. त्या मशीनच्या चहाला कॉफीचा वास यायचा आणि कॉफीला ओल्या पुठ्ठ्याचा. तो चहा पीत पीत दोघींनी साहेब लोकांना हाताळायचं अख्खं शास्त्र बांधलं. साहेबाला वाईट बातमी उपाशीपोटी द्यायची नाही. सभेत कुणाला काही पहिल्यांदा ऐकवायचं नाही, आधी एकेकाला गाठून कानावर घालायचं, म्हणजे सभेत सगळे शहाण्यासारख्या माना डोलावतात. आणि शिट्टीचा सगळ्यात लाडका डाव म्हणजे मधला पर्याय. साहेबापुढं तीन वाटा ठेवायच्या. एक भलतीच लांबची, एक खड्ड्यात जाणारी आणि मध्ये आपल्याला हवी ती. साहेब मधली उचलतो आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

मग शिट्टीला बढती मिळाली आणि ती सगळ्यात वरच्या मजल्यावर गेली. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, मुंगीने सगळ्यात जोरात. आणि मग मशीनपाशी जाऊन सवयीने दोन कप काढले. दोन्ही कप हातात धरून ती बराच वेळ तिथंच उभी राहिली.

वरचा मजला म्हणजे परदेशच. लिफ्ट इतकी संथ, की गुळगुळीत दाढी करून शिरलेला माणूस वर पोचेपर्यंत साधूबाबा झालेला असायचा. शिट्टीचं टेबल इतकं लांब, की पलीकडच्या टोकाला कुणी शिंकलं तर अलीकडे नुसती झुळूक यायची. आता सगळे तिला वरच्या बाई म्हणत. सभेत सगळ्यांदेखत मुंगीही त्यांना अहोजाहो करायची. बाई मान हलवायच्या आणि पुढचा विषय घ्यायच्या. सभा संपली की मुंगी कागद आवरायला उगाच वेळ लावायची. बाई थांबतील म्हणून. बाईंना पुढची सभा असायची.

त्यातच नवीन हॉल आला. पार्सलं सरकत्या पट्ट्यावरून गावागणिक आपोआप वेगळी होणार, असं ते काम. वरच्या बाईंनी मालकांना उद्घाटनाची तारीख देऊन टाकली होती. मुंगीला न विचारता. त्याच दिवशी जुना हॉल बंद व्हायचा होता. आणि इकडे नव्या पट्ट्याचं एक वळण असं वाकडं, की मोठी खोकी तिथून सूर मारायची. चाचणीत एक खोकं उडालं ते थेट खरेदीप्रमुखाच्या मांडीवर जाऊन बसलं. नातवासारखं.

मुंगीने कंबर कसली. खरेदीप्रमुख कुणाच्या फोनला उत्तर देत नसे. त्याला ती म्हणाली की वळणाचे नवे रोलर लवकर आणणं दुसऱ्या कुणाला जमेलसं वाटत नाही. तो असा फुगला की त्याच दिवशी ऑर्डर गेली. जुन्या हॉलचा प्रमुख तर तिच्यावर डूख धरून होता, कारण त्याचा हॉल बुडवायला निघालेली बाई हीच. त्याच्यापुढं तिने शास्त्र वापरलं नाही. सरळ म्हणाली, "दादा, तुमचा हॉल अजून काही दिवस चालू ठेवाल का? नाहीतर माझी लाज जाईल." तो जरा घुटमळला, मग म्हणाला की लाज गेली तर कंपनीची जाईल, तू का रडतेस, ठेवतो चालू.

सगळी मोट बांधून झाली. उरली वरची सही.

सेक्रेटरीने दारातच सांगितलं की पंधरा मिनिटं मिळतील, आणि त्यातली काही लिफ्टमध्येच गेलीत. मुंगी आत गेली. खिडकीपाशी पाठमोरी शिट्टी उभी होती. केस पांढरे व्हायला लागले होते. हे सभेत लांबून कधी दिसलं नव्हतं.

मुंगीने तीन पर्याय मांडले. एक, उद्घाटन पुढच्या वर्षावर ढकलायचं. दोन, नव्या हॉलमध्ये सध्या फक्त छोटी पार्सलं, मोठी जुन्याच हॉलमध्ये, वळण दुरुस्त होईस्तोवर. तीन, ठरल्या तारखेला सगळंच सुरू करायचं आणि वळणापाशी खोकी झेलायला माणसं उभी करायची.

"मधला," शिट्टी म्हणाली.

"बाई, तुम्हाला तसं वाटत असेल तर..."

"मुंगे." एवढं म्हणून ती वळली. "हा डाव माझा आहे. मशीनपाशी मीच तुला शिकवला. मागच्या साहेबाला आपण असाच गुंडाळला होता."

मुंगीला कुठं बघावं कळेना. शिट्टी खुर्चीत बसली, म्हणजे कोसळलीच.

"रोज कुणीतरी तीन पर्याय घेऊन येतं," ती म्हणाली. "सगळे मधला हळूच माझ्याकडे सरकवतात. मीही मान हलवते. इथं आल्यापासून मला सरळ असं कुणी काही सांगितलंच नाही गं. तू तरी सांग."

मुंगी टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला गेली. वाटेत तहान लागेल एवढं ते लांब, पण गेली.

"वळणावर खोकी पडतात. तारीख तू मला न विचारता देऊन बसलीस. होणार नाही," ती म्हणाली. मग तोंड उघडलंच आहे तर, "आणि मी अजून दोन कप काढते."

वेळ संपली म्हणून दारावर टकटक झाली. शिट्टीने तिकडे न बघता फोन उचलला आणि मुंगीदेखत मालकांना सांगितलं की तारखेचा अंदाज माझा चुकला, प्रोजेक्टवाल्यांचा त्यात दोष नाही, हॉल अर्धा सुरू करू. पलीकडून बराच आरडाओरडा झाला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला.

मुंगी दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला. "तो चहा अजून तसाच लागतो?"

"त्याहून वाईट."

"मग येते एकदा."

नवा हॉल अर्धा सुरू झाला, मग रोलर बसले आणि पुरा सुरू झाला. आणि एका दुपारी जिन्यातून बारीक शिट्टी ऐकू आली. सगळा मजला धडपडत कामाला लागला. साहेब आला म्हणून सगळे दाराकडे बघतात, तर दारात साहेबही तीच आणि शिट्टी घालणारीही तीच. एवढे जिने उतरून आलेली, सँडल हातात घेऊन. मुंगीने दुसरा कप पुढं केला. एक घोट घेऊन शिट्टीने असं तोंड केलं, की मुंगी हसता हसता मशीनला टेकली, आणि मशीनने आपणहून तिसरा कप भरला.

आता शपथ घेतलीच आहे, तर सांगून टाकते. लिफ्ट खरी, टेबल खरं, मांडीवरचं खोकंही खरं. ही शेवटची दुपार तेवढी मी माझ्या पदरची घातली. शिट्टी काही खाली आली नाही. लिफ्टची घंटी वाजली की मुंगी अजून मान वर करते, मग एक कप पिते आणि दुसरा निवेपर्यंत तिथंच उभी राहते. पण "मग येते एकदा" असं ती म्हणाली होती. ते मी घातलेलं नाही.